सत्याचे मित्र : क्वेकर पंथाचे पहिले अनुयायी



येशू ख्रिस्ताचे पहिले शिष्य कोळी होते ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. मिशनरी लोक ती बाजारांत उभे राहून सांगत, आणि जोतीरावांच्या वेळेपासून ती आपल्या लोकांच्या कानीं आहे. पण त्या कोळ्यांच्या नांवानें पुढें जो धर्म उभा राहिला, त्यांत सोळाशें वर्षांत इतके पोप, बिशप आणि पाद्री माजले कीं, खऱ्या कोळ्याला त्या देवळांत मागच्या बांकावरसुद्धां धड जागा उरली नाहीं. म्हणून आज मी त्या बारा जणांविषयीं बोलणार नाहीं. सोळाशें वर्षांनंतर इंग्लंडांत जोडे शिवण्याचें काम शिकलेल्या एका माणसामागें जीं पहिलीं साठ-सत्तर माणसें उभीं राहिलीं, त्यांच्याविषयीं बोलणार आहें.

त्या माणसाचें नांव जॉर्ज फॉक्स. त्याच्या लोकांना जग क्वेकर म्हणतें. क्वेकर म्हणजे थरथरणारा. हें नांव त्यांनीं घेतलेलें नव्हे, तें शत्रूनें चिकटविलेलें आहे. १६५० सालीं डर्बी येथें फॉक्सला न्यायाधिशापुढें उभें केलें, तेव्हां त्यानें उलट न्यायाधिशालाच देवाच्या शब्दापुढें कांप म्हणून बजावलें. न्यायाधिशानें चेष्टेनें ह्या लोकांना थरथरे हें नांव ठेवलें व तेंच रूढ झालें. ते स्वतःला 'सत्याचे मित्र' म्हणवीत. त्यांच्यांतले जे गांवोगांव फिरत ते स्वतःला 'सत्य प्रसिद्ध करणारे' म्हणत. हीं नांवें ऐकून आपणांपैकीं कांहींच्या भुंवया वर गेल्या असतील. जाऊं द्या, त्याकडे मागाहून येऊं. (क्वेकर ओट्सच्या डब्यावर जो टोपीवाला गृहस्थ असतो, त्याचा पोषाख याच पंथाचा, पण त्या कंपनीचा पंथाशीं कांहीं संबंध नाहीं. ह्या लोकांची सचोटीबद्दल ख्याति, म्हणून नांव उचललें, इतकेंच.)

त्या वेळीं इंग्लंडची घडी विसकटलेली होती. राजा आणि पार्लमेंट यांचें युद्ध १६४२ सालीं जुंपलें आणि १६४९ सालीं राजाचें डोकें उडालें. बिशपांच्या गाद्या गेल्या. पण गांवचा पाद्री गेला नाहीं, आणि त्याचा दशमांशहि गेला नाहीं. दशमांश म्हणजे शेतांत व गोठ्यांत जें निपजेल त्याचा दहावा हिस्सा : धान्याचा, गवताचा, लोकरीचा, कोंकरांचा, अंड्यांचासुद्धां. पाद्री बरा असो वा वाईट असो, त्याचें प्रवचन तुम्ही ऐका अगर न ऐका, हिस्सा द्यावाच लागे. पुष्कळ गांवीं तर हा हक्क पाद्र्याच्याहि हातीं नसून कोणा जमीनदाराकडे गेलेला असे. म्हणजे देवाच्या नांवाचा दहावा हिस्सा बाजारांत विकला जाई. आमच्या ग्रामजोशाचें बलुतें आणि हा दशमांश यांत फारसें अंतर नाहीं. जोशी निदान घरीं येऊन पंचांग तरी वाची.

फॉक्सविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण आजचा विषय तो नव्हे. त्याचा जन्म १६२४ सालीं लेस्टरशर परगण्यांत एका विणकराच्या घरीं झाला. त्याला एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवलें होतें; तो मालक मेंढ्यांचा व लोकरीचाहि व्यापार करी. त्या देशांत जोडे शिवण्याला जात नव्हती, पण प्रतिष्ठाहि नव्हती. एकोणिसाव्या वर्षीं, १६४३ सालीं, तो मनाच्या तळमळीनें घराबाहेर पडला आणि पाद्र्यांमागून पाद्र्यांचे उंबरठे झिजवूं लागला. एका वृद्ध पाद्र्यानें त्याला तंबाखू ओढ आणि भजनें म्हण असा उपाय सांगितला. दुसरा त्याच्याशीं बागेंत बोलत होता. बोलतां बोलतां फॉक्सचा पाय वाफ्यांत पडला, त्यासरशी पाद्रीबोवांचें ब्रह्मज्ञान संपलें आणि घराला आग लागल्यासारखे ते संतापले. १६४६ च्या सुमारास त्याला उमगलें कीं, ऑक्सफर्ड-केंब्रिजांत शिकल्यानें कोणी देवाचा सेवक होत नाहीं. देवाचा उजेड प्रत्येक माणसाच्या आंत आहे, बाईच्या, गड्याच्या, मोलकरणीच्याहि आंत आहे, आणि तो पाहावयास मध्यस्थ लागत नाहीं. चर्चला तो देवाचें घर म्हणेना. 'शिखरवालें घर' म्हणे.

आतां एवढें ज्ञान पुष्कळांना होतें. आमच्या देशांत तर तें शेंकडों वर्षें अभंगांतून गाइलेलें आहे. तरी भटजीची दक्षिणा कांहीं चुकली नाहीं. मग ह्या विणकराच्या पोराचें ज्ञान राज्यकर्त्यांना इतकें कां झोंबलें? त्याचें उत्तर फॉक्समध्यें सांपडत नाहीं, त्याच्या पहिल्या अनुयायांत सांपडतें. त्यांनीं तें ज्ञान घरांत, शेतांत, दुकानांत आणि कोर्टांत वापरावयास घेतलें.

त्यांतली सर्वांत पहिली एक बाई आहे. एलिझाबेथ हूटन, नॉटिंगहॅमशरची, लेकरांची आई, वय पन्नाशीच्या घरांत. १६४७ च्या सुमारास तेवीस वर्षांचा फॉक्स तिच्या भागांत आला, आणि लवकरच ती स्वतः सभेंत उभी राहून उपदेश करूं लागली. ह्या पंथाची पहिली स्त्री-उपदेशक ती. डर्बी, यॉर्क आणि लिंकन येथील तुरुंग तिनें पाहिले. साठी उलटल्यावर ती समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेली. तेथें तिला एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेऊन तीन गांवांत चाबकाचे फटके मारले आणि रानांत नेऊन सोडून दिलें. १६७२ सालीं ती जमेका बेटांत वारली. म्हातारपणीं काशीस जाणाऱ्या बाया आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. हीहि एक यात्राच.

तिच्यानंतर १६५१ मध्यें यॉर्कशरांत विल्यम ड्यूसबरी आला : लहानपणीं मेंढपाळ, मग विणकर. जेम्स नेलर आला : शेतकरी, पार्लमेंटच्या फौजेंत अंमलदारी केलेला. नंतर उत्तरेकडच्या वेस्टमोरलंड परगण्यांत एक मोठा जमावच मिळाला. तेथें 'सीकर' म्हणजे 'शोधक' नांवाचे लोक होते. पाद्री व त्याचे विधि यांचा वीट येऊन त्यांनीं चर्च सोडलें होतें, पण पुढें काय तें सुचत नव्हतें. म्हणून ते एकत्र जमून गप्प बसत आणि वाट पाहात. १३ जून १६५२ रोजीं फरबँक नांवाच्या टेकडीवर फॉक्स एका खडकावर उभा राहून सुमारें तीन तास बोलला. हजारावर माणसें जमलीं होतीं. जवळच चर्च असतां हा बाहेर कां बोलतो म्हणून म्हाताऱ्यांना नवल वाटलें. त्या टेकडीवरून आणि त्याच आठवड्यांतल्या सभांतून जे मिळाले त्यांचीं नांवें ऐका : जॉन कॅम, शेतकरी, जॉन ऑडलंड, कापडाचा दुकानदार, फ्रान्सिस हाउगिल, आणि एडवर्ड बरो, शेतकऱ्याचा मुलगा, वय एकोणीस. बरोला ह्या नादापायीं बापानें घराबाहेर काढलें.

त्याच उन्हाळ्यांत लँकशरांतील स्वार्थमूर येथील वाड्यांत फॉक्स गेला. ह्या वाड्याचा मालक टॉमस फेल, मोठा न्यायाधीश. त्याची बायको मार्गारेट फेल. नवरा दौऱ्यावर होता. तो परत येतांना वाटेंतच गांवची प्रतिष्ठित मंडळी त्याला आडवी गेली आणि तुझ्या बायकोवर चेटूक झालें आहे असें सांगितलें. न्यायाधिशानें घरीं येऊन दोन्ही बाजू ऐकल्या. तो स्वतः पंथांत कधींच शिरला नाहीं, पण बायकोला त्यानें आडकाठी केली नाहीं, आणि सभेला वाड्यांतली जागा दिली. मार्गारेटबाईनें पुढें जन्मभर ह्या फिरत्या लोकांचा पत्रव्यवहार संभाळला, तुरुंगांत पडलेल्यांना मदत पाठविली, राजाला अर्ज केले, आणि स्वतःहि १६६४ पासून चार वर्षें तुरुंगांत काढलीं. तुरुंगांतूनच तिनें स्त्रियांनीं धर्मसभेंत बोलावें हें बायबलच्याच आधारें सिद्ध करणारें पुस्तक लिहिलें, तें १६६६ सालीं छापलें गेलें. पैसेवाला व शिकलेला माणूस बहुजनांच्या चळवळींत आला म्हणजे तो बहुधा खुर्चीवर बसतो. ही बाई हिशेबाला बसली. केंडल गांवीं १६५४ सालीं एक फंड निघाला, त्याच्या खर्चाच्या यादींत फिरत्या उपदेशकांचे जोडे आणि कपडे आहेत! चळवळीच्या इतिहासांत भाषणांपेक्षां असल्या याद्या मला अधिक मोलाच्या वाटतात.

१६५४ सालीं हे लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाले, दोघे दोघे मिळून, पायीं. मागाहून त्यांना 'शूर साठ' असें नांव पडलें, पण ते साठांहून कांहीं अधिकच होते. बहुतेक शेतकरी व शेतकऱ्यांचीं मुलें. कांहीं विणकर, दुकानदार, एखाद-दुसरा शाळामास्तर. दहा-बारा बाया होत्या, आणि त्यांत घरगडी व मोलकरणी होत्या. जॉन कॅमच्या घरची मोलकरीण जेन वॉ ही आपल्या मालकाप्रमाणेंच उपदेशक म्हणून निघाली. तिची बहीण डोरोथी वॉ, तीहि मोलकरीण. तिनें कार्लाइलच्या बाजारांत उपदेश केला, तेव्हां तेथील मेयरनें तिच्या डोक्यावर लोखंडी लगाम चढविला. त्याची पट्टी तोंडांत जाऊन जीभ दाबून धरी. भांडखोर बायकांसाठीं असा लगाम त्या देशांतल्या गांवांत ठेवलेला असे. तिनें ती हकीकत स्वतः सांगितली आणि १६५६ सालीं ती छापली गेली. मोलकरणीनें आपली फिर्याद छापावी आणि मेयरला जगापुढें उभें करावें, हा प्रकार त्या देशांतहि नवा होता.

पण मला सर्वांत नवल वाटतें तें मेरी फिशरचें. यॉर्कशरांत सेल्बी येथील एका कुटुंबांत ही चाकरीला होती. डिसेंबर १६५३ मध्यें ती एलिझाबेथ विल्यम्स नांवाच्या बाईबरोबर पायीं केंब्रिजला गेली आणि तेथें कॉलेजच्या दारांत पाद्री होण्यासाठीं शिकणाऱ्या पोरांशीं धर्मावर बोलूं लागली. पोरांनीं थट्टा आरंभिली. ह्या बायांनीं त्यांना सांगितलें कीं, तुमचें कॉलेज देवाच्या कामाचें नव्हे. मेयरकडे तक्रार गेली. मेयरनें नांव विचारलें, गांव विचारलें, नवऱ्याचें नांव विचारलें. आणि दोघींना भटक्या ठरवून कमरेपर्यंत उघडें करून बाजारांत रक्त येईपर्यंत फटके मारविले. ह्या पंथांत भर चौकांत चाबूक खाल्लेल्या पहिल्या ह्याच दोघी. विद्यापीठाच्या दाराशीं मोलकरणीनें विद्येचा हिशेब मागितला, त्याची ही पावती.

१६५६ च्या जुलैंत मेरी फिशर व ॲन ऑस्टिन अमेरिकेंत बोस्टन बंदरांत उतरल्या. बोस्टनचे लोक स्वतः धर्मछळाला कंटाळून इंग्लंड सोडून गेलेले. त्यांनीं ह्या दोन बायांचीं पुस्तकें जाळलीं, चेटकिणीच्या खुणा शोधण्यासाठीं त्यांना नागवें करून तपासलें, तुरुंगाच्या खिडकीला फळ्या ठोकल्या आणि पांच आठवड्यांनीं जहाजावर घालून परत लाविलें. आपण जें सोसलें तेंच संधि मिळतांच दुसऱ्यावर लादणारे लोक सगळ्या देशांत निघतात. बोस्टनकरांनीं तर १६५९ ते १६६१ ह्या काळांत चार क्वेकरांना फांशीं दिलें. त्यांत मेरी डायर नांवाची बाई होती.

मेरी फिशर मग कोठें गेली? तुर्कांच्या सुलतानाकडे. १६५७ सालीं कांहीं मंडळी जहाजानें निघाली. वाटेंत इंग्रज वकिलानें त्यांना परत पाठविण्याची खटपट केली. तरी ही बाई शेंकडों मैल बहुतांशीं पायीं चालून १६५८ सालीं ॲड्रियानोपल येथें सुलतान चौथा महंमद याच्या छावणींत पोंचली. सुलतान ऐन तारुण्यांतला. त्यानें तिला दरबारी मानानें बोलावून घेतलें, ती विचार करीत थांबली तरी घाई केली नाहीं, सगळें ऐकून घेतलें, आणि परत जातांना सोबतीला शिपाई देऊं केले. तिनें ते नाकारले. ख्रिस्ती केंब्रिजांत चाबूक, ख्रिस्ती बोस्टनांत तुरुंग आणि मुसलमान सुलतानाच्या तंबूंत आदर : हा जमाखर्च त्या मोलकरणीच्या एका आयुष्यांत झाला.

आतां ह्या लोकांच्या वागणुकीकडे वळतों, कारण खरें भांडण तेथेंच झालें. त्या काळच्या इंग्रजींत आपल्या भाषेप्रमाणेंच 'तू' आणि 'तुम्ही' असे दोन शब्द होते. मालकानें गड्याला तू म्हणावें, गड्यानें मालकाला तुम्ही. क्वेकर सर्वांनाच तू म्हणूं लागले, जज्जालाहि आणि राजालाहि. थोरांपुढें टोपी काढावयाची ती काढीनात. एवढ्या गोष्टीपायीं त्यांनीं जो मार खाल्ला तो धर्ममतांपायींहि खाल्ला नसेल. १६५६ सालीं लॉन्स्टनच्या कोर्टांत फॉक्स व त्याचे सोबती टोपी घालूनच उभे राहिले. मुख्य न्यायाधीश ग्लिन संतापून म्हणाला कीं, मोझेसपासून दानियेलपर्यंत बायबलांत टोपीचा उल्लेख तरी कोठें आहे तो दाखवा. फॉक्सनें दानियेलाच्याच पुस्तकांतला दाखला दिला : बाबेलच्या राजानें तीन तरुणांना आगीच्या भट्टींत टाकलें, तें त्यांच्या टोप्यांसकट टाकलें होतें. न्यायाधिशाला उत्तर सुचेना. त्यानें कैद्यांना बाहेर न्यावयास सांगितलें. नंतर टोपी न काढल्याबद्दल दंड ठोठावला, आणि तो भरीनात म्हणून त्यांना त्या गांवच्या अत्यंत गलिच्छ तळघरांत कोंडलें.

ह्या 'तू' चा विचार आम्हीं उलट बाजूनें केला पाहिजे. आमच्या गांवांत सत्तर वर्षांच्या महाराला भटाचें दहा वर्षांचें पोर अरे-तुरे करी. आणि मराठ्याचें, माळ्याचें पोरहि तेंच करी, हें ह्या सभेंत न लपवितां बोललें पाहिजे. क्वेकरांनीं वरच्याला खालीं तू वर आणलें; आम्हांला खालच्याला वर अहो-जाहोवर न्यावयाचें. तराजू एकच आहे. पुढें गंमत अशी झाली कीं, इंग्रजी भाषेनेंच 'तू' टाकून दिला आणि सगळ्यांनाच 'तुम्ही' झालें. हे लोक मात्र आपल्या 'तू' ला शेंकडों वर्षें चिकटून बसले. बंडाची खूण होती ती पंथाची शेंडी झाली. हा धोका प्रत्येक सुधारणेला आहे.

दुकानांतहि त्यांनीं असेंच केलें. घासाघीस म्हणजे दोन्हीकडून खोटें बोलणें, म्हणून एकच भाव सांगावयाचा. प्रथम गिऱ्हाइकें तुटलीं. मागाहून लोकांच्या ध्यानांत आलें कीं, येथें लहान मूल पाठविलें तरी फसत नाहीं, आणि दुकानें भरलीं.

दशमांशाचें मात्र असें गोड झालें नाहीं. ते दशमांश देईनात, तेव्हां गाय नेली, कढई नेली, अंगावरची चादर नेली. मूळ रकमेच्या कितीतरी पट जप्ती होई. ह्या लोकांनीं काय केलें? प्रत्येक जप्ती लिहून ठेवली. कोणी नेलें, काय नेलें, किंमत किती. गांवच्या सभेनें परगण्याच्या सभेकडे, तिनें लंडनकडे कळवावयाचें. त्या मोठमोठ्या वह्यांना त्यांनीं 'सोसल्याचीं पुस्तकें' असें नांव दिलें. आमच्यावर गांवोगांव जें जें गुदरलें तें असें कोणीं लिहून ठेवलें असतें, तर आमचा इतिहास दुसऱ्याच्या दौतींतून आला नसता.

१६६२ सालीं खास ह्यांच्याविरुद्ध कायदा झाला. एडवर्ड बरो लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत मेला. वय तिशीच्या आंत. हाउगिल ॲपलबीच्या तुरुंगांत मेला. ड्यूसबरीनें सगळीं मिळून सुमारें एकोणीस वर्षें तुरुंगांत काढलीं. १६६४ सालीं रेडिंग गांवीं सगळीं वडील माणसें तुरुंगांत पडलीं, तेव्हां मागें राहिलेल्या मुलांनीं ठरल्या वेळीं जमून सभा चालू ठेवली. पाद्री नाहीं, विधि नाहीं, मूर्ति नाहीं, फक्त एकत्र गप्प बसावयाचें आणि बोलावेंसें वाटलें तर बोलावयाचें. असली सभा मुलांनाहि चालवितां येते. सरकारला ती बंद करतां आली नाहीं, तिचें कारण हेंच.

आतां एक कडू गोष्ट सांगतों. ती झांकली तर व्याख्यान कीर्तन होईल. जेम्स नेलर हा ह्या सर्वांत उत्तम बोलणारा. लंडनांत त्याची छाप फॉक्सपेक्षांहि अधिक पडली. कांहीं भक्तमंडळी त्याच्याभोंवतीं जमली आणि त्याला माणसापेक्षां अधिक मानूं लागली. ऑक्टोबर १६५६ मध्यें भर पावसांत तो घोड्यावर बसून ब्रिस्टल शहरांत शिरला; भक्त घोड्यापुढें चिखलांतून 'पवित्र, पवित्र' असें गात चालले होते, जसें येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाच्या वेळीं झालें तसें. नेलर म्हणाला कीं, हा मान मला नव्हे, माझ्या आंतल्या देवाला आहे. पण त्यानें तो थांबविलाहि नाहीं. पार्लमेंटनें कित्येक दिवस त्यावर वाद केला. फांशीची सूचना ९६ विरुद्ध ८२ मतांनीं फेंटाळली गेली. मग त्याला चाबकाचे शेंकडों फटके मारले, जिभेला तापल्या सळईनें भोंक पाडलें, कपाळावर डाग दिला आणि तुरुंगांत टाकलें. तो १६५९ सालीं सुटला आणि १६६० सालीं घराकडे पायीं जात असतां वाटेंत चोरांनीं लुटून टाकलेला सांपडला व मेला.

शिक्षा रानटी होती, यांत शंका नाहीं. पण चूक कोणाची? मला वाटतें, नेलरपेक्षां त्याच्या भक्तांची अधिक. ज्या पंथाचें सगळें म्हणणें असें कीं, देव आणि माणूस यांमध्यें कोणी उभा राहूं नये, त्याच पंथाच्या लोकांनीं आपल्याच माणसाला मध्यें उभें केलें. मध्यस्थ हाकलला म्हणजे त्याची जागा रिकामी होते, आणि भोळ्या माणसाला रिकामी जागा पाहवत नाहीं. ह्या प्रसंगानंतर पंथाच्या लोकांनीं एकेकट्याच्या स्फूर्तीला सभेच्या विचाराचा लगाम घातला. कांहींना तो जाचक वाटला. तरी पंथ तगला तो त्यामुळेंच.

दुसरी कडू गोष्ट गुलामांची. फॉक्स १६७१ सालीं बार्बेडोस बेटांत गेला. गुलामांनाहि उपदेश करा, त्यांना ममतेनें वागवा, कांहीं वर्षांनीं मोकळें करा, इतकें तो बोलला. पण गुलाम ठेवणेंच पाप आहे असें बोलला नाहीं, आणि त्याच्या पंथाचे कित्येक लोक गुलाम बाळगीत राहिले. आंतला उजेड सर्वांत आहे म्हणणाऱ्यांना काळ्या माणसांतला उजेड दिसावयास वेळ लागला. १६८८ सालीं अमेरिकेंत जर्मनटाउन येथील चार क्वेकरांनीं पहिला लेखी निषेध केला, तो वरच्या सभांनीं बाजूला ठेवला. १७७६ सालीं फिलाडेल्फियाच्या सभेनें गुलाम बाळगणाऱ्यास पंथाबाहेर काढण्याचें ठरविलें. १७८७ सालीं लंडनांत गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठीं बारा जणांची कमिटी बसली, तींत नऊ क्वेकर होते. जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलें, त्यांच्या कामाचा एक धागा असा जर्मनटाउनच्या त्या चार जणांपर्यंत मागें जातो. आणि जोतीरावांनीं तरुणपणीं ज्या टॉमस पेनचीं पुस्तकें वाचलीं, त्या पेनचा बापहि क्वेकरच होता. क्वेकरांवरून सत्यशोधक निघाले असें मी म्हणत नाहीं. आमच्या गांवांतला जाच आम्हांला शिकवायला पुरेसा होता. पण पाण्याच्या वाटा जमिनीखालूनहि असतात.

शेवटीं लग्नाविषयीं. क्वेकरांनीं लग्नांतला पाद्री काढून टाकला. वधूवरांनीं सभेंत उभें राहून एकमेकांना वचन द्यावयाचें, कागद वाचावयाचा, आणि जमलेल्यांनीं साक्षीदार म्हणून सह्या करावयाच्या. लोकांनीं ह्याला लग्न म्हणेना, आणि मुलांना अनौरस म्हटलें. १६६१ सालीं नॉटिंगहॅमच्या कोर्टांत असा खटला आला : बाप मेला, मागें बायको व मूल, एका नातेवाइकानें जमिनीसाठीं दावा लावला कीं, हें लग्नच नव्हे, सबब मूल वारस नव्हे. न्यायाधीश आर्चर यानें ज्यूरीला सांगितलें कीं, लग्न हें दोघांच्या संमतीनें होतें. ॲडम आणि ईव्ह यांचें लग्न झालें तेव्हां तेथें पाद्री कोण होता? ज्यूरीनें मुलाच्या बाजूनें निकाल दिला.

आमच्याकडे पहिलें सत्यशोधक लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजीं लागलें. १८८४ सालीं जुन्नर तालुक्यांत ओतूर येथें बाळाजी कुसाजी पाटलांनीं भटजीवांचून लग्न लावलें, तेव्हां जोशी आपल्या हक्कासाठीं कोर्टांत गेले. म्हणजे न केलेल्या कामाची मजुरी मागावयास गेले. तो हक्क कायद्यानें मोडण्यास १९२६ साल उजाडावें लागलें. इंग्लंडांत दशमांशाचें रोख रकमेंत रूपांतर करणारा कायदा १८३६ सालीं झाला, फॉक्सनंतर दीडशें वर्षांनीं. कायदा असाच सावकाश येतो. त्याआधीं ज्यांनीं गाय, कढई आणि चादर दिली, ते फरबँकच्या टेकडीवरचे शेतकरी. आणि आमच्याकडे ओतूरकर. पण येथें व्यासपीठावर टाळ्या घेऊन घरीं मुलीच्या लग्नांत बायकोचें मन मोडवत नाहीं म्हणून मागच्या दारानें भटजीला आणणारे गृहस्थहि आमच्यांत आहेत. त्यांनीं बायकांवर ढकलूं नये. एलिझाबेथ हूटन, डोरोथी वॉ, मेरी फिशर आणि मार्गारेट फेल ह्या बायकाच होत्या, आणि आमच्या सावित्रीबाईहि.

टॉमस फेल १६५८ सालीं वारला होता. अकरा वर्षांनीं, १६६९ सालीं, ब्रिस्टल येथें फॉक्स व मार्गारेट यांचें लग्न झालें. फॉक्सनें आधीं तिच्या मुलींना विचारलें कीं, ह्या लग्नानें तुमचें कांहीं नुकसान तर होत नाहीं ना. आणि तिच्या इस्टेटीवर नवऱ्याचा जो हक्क कायद्यानें येई तो लेखी सोडून दिला. मग सभा बसली, दोघांनीं वचनें दिलीं, कागद वाचला गेला आणि जमलेल्या मंडळींनीं त्यावर सह्या केल्या.

माझा वेळ संपला आहे. कोणाला शंका असल्यास अध्यक्षांच्या परवानगीनें विचाराव्या.